जहाजावरचं मशीन किती परत देतं? : किनारा, कायदा आणि न छापलेला आकडा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे गाळलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय मला माझ्या मावशीने दिला. मावशी ३१ वर्षं बँकेत कॅशियर होती. संध्याकाळी एका रुपयाचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत ती उठायची नाही, काका स्टेशनवर ताटकळत बसायचे. लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून मुलांनी दोघांना सिंगापूरहून निघणाऱ्या एका क्रूझवर पाठवलं. पहिल्या रात्री जेवून केबिनकडे जाताना वाटेत कॅसिनो लागला. लागला म्हणजे काय, तो टाळून जाताच येत नव्हतं. मावशी सहज म्हणून एका स्लॉट मशीनसमोर बसली. मग दुसऱ्या रात्री बसली. तिसऱ्या रात्रीही बसली. काका वर डेकवर गाण्याच्या कार्यक्रमाला, आणि ही खाली.

शेवटच्या दिवशी केबिनचं बिल आलं तेव्हा काकांना कळलं. १६५ डॉलर. घर बुडावं एवढी रक्कम नाही ही. पण परत आल्यावर मला फोन करून मावशी जे बोलली ते डोक्यात राहिलं. म्हणाली, "अरे, पैसे गेले त्याचं एवढं नाही. मी तिथल्या मुलाला विचारलं, हे मशीन शंभरातले किती परत देतं? तो नुसता हसला. ३१ वर्षं नोटा मोजल्या मी, आणि ज्याचा हिशोब मागता येत नाही अशा पेटीत तीन रात्री पैसे टाकत बसले. मला एवढंच सांग, तो आकडा किती असतो?"

साधा प्रश्न आहे, म्हणलं दहा मिनिटांत उत्तर देतो. त्याऐवजी हा अख्खा भाग झाला. कारण हा आकडा किती, यापेक्षा तो कुणाला दिसतो आणि का दिसतो, याचा इतिहास जास्त मोठा निघाला.

आधी फसवणारे प्रवासी होते

सुरुवात करू अटलांटिकवरून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप ते अमेरिका हा प्रवास जहाजानेच व्हायचा. पाच-सहा दिवस समुद्र, श्रीमंत प्रवासी आणि भरपूर रिकामा वेळ. जुगार होताच. एक प्रकार तर फार गमतीचा. गेल्या २४ तासांत जहाज किती मैल चाललं यावर पैजा लागायच्या. आकड्यांचा चक्क लिलाव व्हायचा आणि दुपारी खरा आकडा जाहीर झाला की ज्याचा आकडा जवळचा, त्याला भांडं मिळायचं.

पण खरी कमाई पत्त्यांवर होती, आणि ती करणारे होते धंदेवाईक जुगारी. सभ्य कपडे, गोड बोलणं, आणि बोटांत सफाई. व्हाइट स्टार लाइन ही टायटॅनिकची मालक कंपनी. तिने १९१२ मध्ये टायटॅनिकच्या पहिल्या वर्गाच्या प्रवासी यादीतच एक सूचना छापली होती. आशय असा, की काही धंदेवाईक जुगारी अटलांटिकच्या बोटींवरून ये-जा करत असतात असं आम्हाला कळलंय, तेव्हा सांभाळून. आणि त्याच जहाजावर तसे लोक खोटी नावं घेऊन प्रवास करत होतेच!

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या काळात कंपनी तिकिटावर कमवायची. जुगारात फसवणारा प्रवासी, फसणाराही प्रवासी, आणि कंपनी सावध करणारी. पुढे पन्नास-साठ वर्षांत कंपनीची ही जागा बदलली. ती कशी, ते कळायला आधी मशीनचा जन्म बघावा लागेल.

तीन चाकं आणि एक हजार शक्यता

चार्ल्स फे नावाचा बव्हेरियातून आलेला एक कारागीर सॅन फ्रान्सिस्कोत राहायचा. १८९० च्या दशकात त्याने 'लिबर्टी बेल' नावाचं यंत्र बनवलं. नेमकं कोणत्या साली यावर अभ्यासकांचं एकमत नाही, काही १८९५ म्हणतात, काही १८९९. पाच सेंटचं नाणं टाकायचं, बाजूचा दांडा ओढायचा, तीन चाकं फिरायची. चाकांवर नाल, इस्पिक, चौकट, बदाम आणि तडा गेलेली घंटा अशी चित्रं. तिन्ही घंटा एका ओळीत आल्या की सगळ्यात मोठं बक्षीस. ते किती, तर दहा नाणी. पन्नास सेंट!

आता यातलं गणित बघा, पाचवीतल्या मुलालाही जमेल. प्रत्येक चाकाला थांबायच्या दहा जागा. तीन चाकं. म्हणजे दहा गुणिले दहा गुणिले दहा, एक हजार शक्यता. त्या हजारांपैकी कशाकशाला किती नाणी द्यायची हे ठरवलं की झालं. हजार वेळा खेळून हजार नाणी आत जातात आणि बक्षिसांची बेरीज हजारापेक्षा कमी ठेवायची. फेच्या मशीनमध्ये ती बेरीज हजाराला साधारण ७५० होती असं सांगतात. उरलेली अडीचशे मशीनची.

म्हणजे मशीनला फसवायची गरजच नाही. चाकं अगदी इमानदारीने फिरतात. मालकाचा वाटा दुकानदाराच्या नफ्यासारखा आधीच किमतीत धरलेला असतो. फरक इतकाच, की दुकानात वस्तूवर किंमत लिहिलेली असते. इथे ती चाकांच्या मागच्या बाजूला लपलेली. तरी त्या काळात कुणी मशीन उघडून चाकांवरची चित्रं मोजली असती तर त्याला आकडा काढता आला असता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

सरकारला हे फार दिवस आवडलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोने १९०९ मध्ये मशीन बंद केली, कॅलिफोर्निया राज्याने १९११ मध्ये. मग पळवाटा निघाल्या. पैशांऐवजी च्युइंग गम देणारी मशीन आली. हा जुगार नाहीच, गमविक्री आहे, असा युक्तिवाद! गमचे स्वाद म्हणून चाकांवर चेरी, लिंबू, संत्रं, आलुबुखार आले, आणि गमच्या कंपनीच्या चिन्हातून 'बार' आला. आज मोबाइलवरच्या गेममध्येसुद्धा ही फळं दिसतात ना, ती शंभर वर्षांपूर्वी कायद्याला चकवायला आणलेली आहेत.

फळं ही एक पळवाट. दुसरी पळवाट होती समुद्र.

तीन मैलांपलीकडे

त्या काळी राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंत चालायचा. लॉस एंजेलिसच्या आसपासच्या मंडळींनी साधा विचार केला. सव्वातीन मैलांवर जहाज नांगरायचं आणि त्यावर जुगार चालवायचा. १९२० च्या दशकाच्या शेवटापासून अशी जहाजं लाँग बीच आणि सांता मोनिकासमोर दिसायला लागली. ही जहाजं कुठेही जायची नाहीत. नांगर टाकून उभी. गिऱ्हाईकच मोटरबोटीने त्यांच्याकडे जायचं.

यातलं सगळ्यात गाजलेलं जहाज म्हणजे 'रेक्स'. मालक टोनी कॉर्नेरो, दारूबंदीच्या काळात चोरटी दारू आणून तुरुंगात जाऊन आलेला गडी. मे १९३८ मध्ये त्याने रेक्स सुरू केलं. सांता मोनिकाच्या धक्क्यावरून २५ सेंटमध्ये बोट. वर जेवण, वाद्यवृंद, रुलेट, फासे आणि स्लॉट मशीनच्या रांगा. त्याने वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, की माझ्या जहाजावरचा कुठलाही खेळ लबाडीचा आहे असं सिद्ध करा आणि एक लाख डॉलर घेऊन जा.

मंडळी, ही जाहिरात म्हणजे धूर्तपणाचा कळस होता. लोकांना वाटलं, केवढा प्रामाणिक माणूस! अहो, पण लबाडी कुणी विचारली होती? प्रश्न होता मशीन शंभरातले किती ठेवतं हा, आणि जाहिरातीत त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. कॉर्नेरोला पक्कं ठाऊक होतं, की पूर्ण इमानदार मशीनसुद्धा त्याला श्रीमंत करणार आहे.

कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल होते अर्ल वॉरन. हो, तेच वॉरन जे पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले आणि ज्यांच्या काळात शाळांमधलं वर्णभेदी विभाजन घटनाबाह्य ठरलं. १ ऑगस्ट १९३९ ला त्यांच्या माणसांनी एकाच वेळी चार जहाजांवर धाड टाकली. तीन शरण आली. रेक्सने मात्र आग विझवायच्या पाइपांनी पाण्याचे फवारे मारून पोलिसांच्या बोटी परतवल्या. हा वेढा आठ-नऊ दिवस चालला. वर्तमानपत्रांनी त्याला 'सांता मोनिका उपसागराची लढाई' असं नाव देऊन टाकलं.

पण खरी लढाई झाली कोर्टात, आणि ती होती तीन मैल मोजायचे कुठून यावर. कॉर्नेरो म्हणायचा, वाळूपासून मोजा. सरकार म्हणायचं, सांता मोनिका हा उपसागर आहे. त्याच्या दोन टोकांना जोडणारी सरळ रेघ ओढा, तिच्या आतलं सगळं पाणी आमचंच, आणि तीन मैल त्या रेघेच्या पुढे मोजायला लागा. नोव्हेंबर १९३९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारची रेघ मान्य केली. रेक्स जिथे होतं तिथेच उभं होतं, पण एका निकालाने ते समुद्रातून राज्यात आलं!

कॉर्नेरोने १९४६ मध्ये 'लक्स' नावाच्या जहाजावर पुन्हा प्रयत्न केला. तोही मोडून काढला गेला. त्यानंतर अमेरिकेच्या संसदेने जुगारी जहाजांविरुद्ध देशव्यापी कायदा केला. त्या कायद्यातल्या एका शब्दावर बोट ठेवा: 'मुख्यतः'. जे जहाज मुख्यतः जुगारासाठी वापरलं जातं, ते जुगारी जहाज. मग जे जहाज मुख्यतः सहलीसाठी आहे आणि त्यावर जाता जाता जुगारही आहे, त्याचं काय? या शब्दाने बंद केलेल्या दाराला एक फट ठेवली.

आकडा छापायची सवय कुठे लागली

आता थोडं जमिनीवर येऊ, कारण मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला. कायदेशीर केला की कर आला, कर आला की हिशोब आला, आणि हिशोब तपासायला माणसं आली. हळूहळू तिथे एक नियंत्रण मंडळ उभं राहिलं. त्यांच्या नियमानुसार मशीनने लावलेल्या एकूण रकमेपैकी किमान ७५ टक्के परत देईल अशीच रचना असायला हवी. न्यू जर्सीत, म्हणजे अटलांटिक सिटीत, १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. तिथली किमान मर्यादा ८३ टक्के.

प्रत्यक्षात मशीन यापेक्षा जास्त देतात, कारण लास व्हेगासमध्ये शेजारी दुसरा कॅसिनो असतो. नेवाडाचं मंडळ दर महिन्याला आकडे छापतं: कोणत्या भागातल्या, किती सेंटच्या मशीननी किती टक्के ठेवले. कोणीही घरबसल्या बघावं. एका सेंटच्या मशीन शंभरातले दहाच्या आसपास ठेवतात, एका डॉलरच्या मशीन त्याहून कमी. एकेका कॅसिनोचा आकडा त्यात मिळत नाही, पण निदान गावाचा भाव तरी कळतो. भाजी मंडईत असतो ना फळ्यावर लिहिलेला भाव, तसा.

चाक दिसतं एक, फिरतं दुसरंच

हा फळा का लागतो, ते पुढच्या गोष्टीत आहे. फेच्या मशीनमध्ये चाकाला दहा जागा होत्या. पुढे वीस-बावीस झाल्या. वीस जागांची तीन चाकं म्हणजे ८,००० शक्यता. मोठं बक्षीस आठ हजारांत एकदा येणार, म्हणजे ते फार मोठं ठेवताच येत नाही, मालक बुडेल. आणि चाक मोठं करायला जावं तर मशीन दारातून आत जायची नाही.

१९८४ मध्ये इंगे टेलनेस नावाच्या संशोधकाला एक पेटंट मिळालं. कल्पना अशी, की चाक कुठे थांबणार हे चाकाने ठरवायचंच नाही. आत एक संगणक आकडा काढणार आणि चाक फक्त तो आकडा दाखवायला त्या जागी थांबणार. आता संगणकातल्या चाकाला कितीही जागा देता येतात. ६४ दिल्या तर तीन चाकांच्या २,६२,१४४ शक्यता होतात, २५६ दिल्या तर दीड कोटीहून जास्त. डोळ्यांना मात्र तेच बावीस चित्रांचं चाक दिसतं. त्यावर जॅकपॉटचं चित्र बावीसमध्ये एक आहे, पण संगणकात ते २५६ मध्ये एक असू शकतं. उरलेल्या जागा कुठे द्यायच्या? त्यातल्या बऱ्याच जॅकपॉटच्या लगतच्या रिकाम्या जागांना देता येतात. म्हणजे चित्र ओळीच्या जरा वर किंवा जरा खाली थांबतं आणि आपण म्हणतो, "अरेरे, थोडक्यात हुकलं!" थोडक्यात वगैरे काही हुकलेलं नसतं.

१९८६ मध्ये 'मेगाबक्स' नावाची, अनेक कॅसिनोंमधली मशीन जोडलेली योजना नेवाडात आली. तिचा मोठा जॅकपॉट साधारण पाच कोटींत एकदा. २००३ मध्ये लास व्हेगासमध्ये एकाला जवळपास चार कोटी डॉलर लागले, ही बातमी जगभर गेली. न लागलेल्यांची बातमी होत नाही.

तर मुद्दा असा, की फेचं मशीन उघडून चित्रं मोजता येत होती. आताच्या मशीनची चाकं मोजून काहीच कळत नाही. आकडा प्रोग्रॅममध्ये आहे. आतला आकडा बघायचा अधिकार असलेला कुणीतरी तिसरा माणूस असेल तरच तो कळणार. जमिनीवर हा तिसरा माणूस म्हणजे राज्य सरकार. समुद्रावर कोण?

सहलीचं जहाज

जेट विमानं आली आणि अटलांटिकवरची बोटवाहतूक संपली. रिकाम्या होत चाललेल्या जहाजांचं करायचं काय? १९६६ मध्ये मायामीहून 'सनवर्ड' हे जहाज सहलींसाठी नियमित निघायला लागलं. १९७२ मध्ये टेड अरिसन यांनी 'मार्डी ग्रा' हे जहाज आणलं, ते पहिल्याच सफरीत मायामीजवळ वाळूत रुतलं, आणि तरीही त्यातून कार्निव्हल ही प्रचंड कंपनी उभी राहिली. आता जहाज कुठेतरी पोचवायला नव्हतं, जहाज हेच ठिकाण होतं. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि माणूस वर आला की दारू, दुकानं, मसाज, फोटो, आणि कॅसिनो यांवर कमवायचं.

बहुतेक जहाजांवर झेंडा पनामाचा, बहामाचा, माल्टाचा किंवा अशाच एखाद्या देशाचा. त्यामागे कर, पगार अशी बरीच कारणं आहेत. पण जुगाराचंही एक होतं. अमेरिकेत १९५१ च्या कायद्यामुळे अमेरिकी झेंड्याच्या जहाजांना जुगाराची यंत्रं बाळगणं अवघड होतं, ते १९९२ मध्ये सैल केलं गेलं. परदेशी झेंड्याला खुल्या समुद्रात ती अडचण नव्हती. म्हणूनच बंदरात असताना कॅसिनोचं दार बंद असतं आणि किनारा मागे पडला की दिवे लागतात.

आणि इथे ती जागा बदलली, जी मी लक्षात ठेवा म्हणलो होतो. १९१२ मध्ये जुगाऱ्यापासून सावध करणारी जहाज कंपनी आता स्वतःच खेळाची मालक झाली होती.

याचा अर्थ जहाजावरची मशीन खोटी असतात का? नाही, तसं मी म्हणणार नाही. मशीन त्याच मोठ्या कंपन्या बनवतात ज्या लास व्हेगासला पुरवतात. क्रूझ कंपन्यांच्या संघटनेची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि ती नेवाडासारख्या ठिकाणच्या नियमांकडे बोट दाखवतात. पण ती कंपन्यांनी स्वतः स्वीकारलेली आहेत. एकच मशीन वेगवेगळ्या टक्केवारीला लावता येतं. ते किती टक्क्यांना लावलंय हे दर महिन्याला छापणारं मंडळ भर समुद्रात नाही. शेजारी दुसरा कॅसिनोही नाही. आवडलं नाही म्हणून उठून जाणार कुठे? पाण्यात?

मावशीचा हिशोब

आता आकडेमोड. समजा मशीन ९२ टक्के परत देणारं आहे. बहुतेकांना वाटतं, १०० डॉलर घेऊन बसलो तर ९२ घेऊन उठणार. तसं होत नाही. कारण आलेले ९२ आपण पुन्हा लावतो. त्याचे ८४.६४ होतात. ते पुन्हा लावतो. सरासरीने बघितलं तर अशा दहा फेऱ्यांत शंभराचे ४३ उरतात. ९२ टक्के हे खिशातल्या पैशाचं नाही, प्रत्येक वेळी लावलेल्या पैशाचं प्रमाण आहे.

मुंबईकरांना मटका ठाऊक आहे. तो बेकायदेशीर आहे हे वेगळं सांगायला नको, पण गणित बघा. एकेरी आकडा दहात एक, आणि लागला तर एकाला नऊ. म्हणजे परतावा साधारण ९० टक्के, एका सेंटच्या स्लॉट मशीनच्या जवळपास! मग गिरणगावातल्या मटक्यात आणि झगमगत्या मशीनमध्ये फरक काय? वेग. मटक्याचा ओपन आणि क्लोज, दिवसातून दोन निकाल. मशीनचं बटण मिनिटाला दहा वेळा दाबलं जातं, तासाला ६०० निकाल. मटका दहा टक्के दिवसातून दोनदा कापायचा, मशीन तासाला सहाशेदा कापतं.

मावशी एका वेळी अर्धा डॉलर लावत होती. रात्री दोन तास, तीन रात्री, म्हणजे सहा तास. तासाला ६०० प्रमाणे ३,६०० वेळा बटण. लावलेली एकूण रक्कम १,८०० डॉलर! हा आकडा ऐकून मावशी फोनवर गप्पच झाली. तिच्या डोक्यात १६५ होते, पण पेटीतून अठराशे फिरले होते. परताव्याचा दर ९० टक्के असेल तर सरासरी तोटा १८० डॉलर. ९५ असेल तर ९०. ८० असेल तर ३६०.

मावशी लगेच म्हणाली, "म्हणजे माझे १६५ गेले, तर मशीन ९१ टक्क्यांचं होतं."

नाही! आणि हाच या सगळ्यातला कळीचा मुद्दा आहे. मशीनच्या निकालांत चढउतार इतके असतात, की ३,६०० वेळा खेळून १६५ डॉलर जाणं हे ८० टक्क्यांच्या मशीनवरही सहज शक्य आहे आणि ९५ टक्क्यांच्या मशीनवरही. खेळून खेळणाऱ्याला आकडा कळत नाही. तीन रात्री नाही, तीन सहलींत नाही. तो लाखो फेऱ्यांत दिसतो, आणि लाखो फेऱ्यांचा हिशोब फक्त मालकाकडे असतो. मालकाने तो दाखवावा असं बंधन कुणी घातलं, तरच तो बाहेर येतो.

आणि हो, काही जहाजांवर खेळायचे पैसे केबिनच्या खात्यावर टाकले तर वर ३ ते ५ टक्के शुल्क लागतं. बटण दाबायच्या आधीच. हे मात्र छापलेलं असतं, बारीक अक्षरांत का होईना. मावशीने बिल पुन्हा काढून बघितलं. होतं.

आपल्याकडचं पाणी

जाता जाता आपल्या किनाऱ्याकडे बघू, कारण आपल्याकडेही हीच रेघ आहे. आणि साल बघा, १९७६. त्या एका वर्षात तीन कायदे झाले. भारताच्या सागरी हद्दींचा कायदा, ज्यात प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांचा, म्हणजे साधारण २२ किलोमीटरचा. गोव्याचा जुगारविषयक कायदा. आणि महाराष्ट्राचा कॅसिनो कायदा.

महाराष्ट्राचा कायदा कॅसिनोंना परवानगी देऊन कर लावणारा होता. तो पास झाला आणि कधी अमलातच आणला नाही. जवळजवळ ४७ वर्षं तो कपाटात पडून राहिला आणि २०२३ मध्ये रद्द करायचा निर्णय झाला. गोव्याने मात्र १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना दार उघडलं आणि १९९६ मध्ये टेबलावरच्या खेळांना जहाजावर परवानगी दिली. कायद्यातला शब्द 'ऑफशोअर', किनाऱ्यापासून दूर. ती जहाजं आज कुठे आहेत? मांडवी नदीत! पणजीच्या रस्त्यावरून चालताना त्यांच्या पाट्या वाचता येतात.

गंमत बघा. सांता मोनिकात कोर्टाने सांगितलं, तुमचा समुद्र हा समुद्र नाही, आमचंच पाणी आहे. पणजीत नदीलाच किनाऱ्यापासून दूर म्हणलं गेलं. पाणी तेच असतं, रेघ कुणाला कुठे सोयीची आहे त्यावर ठरतं. आणि मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर जुगार खेळायचा तर ती १२ मैलांची रेघ ओलांडायची वाट बघावी लागते.

रेघ ओलांडली की बंदी मागे राहते हे सगळ्यांनाच दिसतं. पण तिच्याबरोबर हिशोब मागायचा हक्कही मागे राहतो, तो दिसत नाही. कारण बंदी घालणारं आणि आकडा छापायला लावणारं सरकार एकच असतं. टोनी कॉर्नेरोचंच बघा ना. समुद्रावरून हाकलल्यावर तो शेवटी नेवाडात जमिनीवर कॅसिनो बांधायला लागला. ३१ जुलै १९५५ ला लास व्हेगासमध्ये दुसऱ्याच्या कॅसिनोत फासे खेळताना तो कोसळला आणि गेला. स्वतःचा 'स्टारडस्ट' उघडलेला बघायला राहिला नाही.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. म्हणलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे, की जमिनीवर साधारण नव्वदच्या आसपास, आणि तू बसली होतीस त्या जहाजावर किती, ते तुला कळायची सोय नव्हती. चूक तुझी नाही, तू बरोबर प्रश्न विचारलास. फक्त उत्तर द्यायला बांधील असलेलं तिथे कुणी नव्हतं.

ती जरा थांबली. मग म्हणाली, "आमच्या बँकेत नवीन मुलगा आला की मी त्याला एकच सांगायचे. ज्या ड्रॉवरची किल्ली तुझ्याकडे नाही, त्याच्या रकमेवर सही करू नकोस." आणि मग म्हणाली, "तुझ्या काकांना ते अठराशे सांगू नकोस हं."

काका हा पॉडकास्ट ऐकतात. मावशी, सॉरी.

तुमच्यापैकी कुणी क्रूझवर गेला असाल आणि मशीनवर परताव्याचा आकडा लिहिलेला पाहिला असेल तर मला जरूर कळवा, कुठे आणि किती ते. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या!